दुबळ्या गादीचे बळ



गतवर्षी नववीच्या वर्गात १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ चालू होता. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याचे वार्धक्य, त्याची शायरी आणि इंग्रजांकडून त्याला मिळणारे पेन्शन, इतके सांगून झाले होते. तोच मागच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला व म्हणाला, "गुरुजी, हा बादशहा तर आपल्या निर्मलच्या लाकडी खेळण्यासारखा दिसतो. मग एवढे हजारो शिपाई त्याच्या मागे का गेले? त्यांच्यांत एकही शूर माणूस नव्हता काय?" वर्गात हशा पिकला. "लोकांची जुनी श्रद्धा, दुसरे काय!" असे काहीतरी उत्तर देऊन आम्ही पुढच्या पाठाकडे वळलो.

परंतु त्या उत्तराने आमचेच समाधान होईना. ज्या लोकांनी घरादारावर तुळशीपत्र ठेवले व फासाचा दोर पत्करला, ते केवळ भोळ्या श्रद्धेने एका म्हाताऱ्याच्या मागे धावले असे म्हणणे हा त्यांच्या बुद्धीवर अन्याय नव्हे काय? शिवाय हा प्रश्न निर्मल येथे विचारला गेला होता. हजार माणसांना फाशी दिल्याची आठवण सांगणारा वड ज्या गावच्या मातीत उभा होता, त्या गावच्या मुलास दोन शब्दांत वाटेस लावणे बरे नव्हे. यास्तव त्या दिवशी न दिलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. १० मे १८५७ रोजी मेरठच्या छावणीत शिपायांनी शस्त्र उपसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना ओलांडून ते दिल्लीस लाल किल्ल्याखाली येऊन उभे राहिले. बादशहाने आपले धनीपण स्वीकारावे, अशी त्यांची मागणी होती. हा बादशहा १७७५ मध्ये जन्मलेला, म्हणजे त्या वेळी ब्याऐंशीव्या वर्षात होता. दरमहा एक लाख रुपये पेन्शनीवर त्याचा व त्याच्या अफाट कुटुंबाचा चरितार्थ चाले. त्याची हुकमत किल्ल्याच्या भिंतींशी येऊन संपे. त्याच्यामागे 'बादशहा' ही पदवीसुद्धा राहू द्यावयाची नाही, असे इंग्रजांनी १८५६ मध्येच ठरवून टाकले होते. आपल्यापाशी ना फौज ना खजिना, असे त्याने शिपायांना सांगितल्याचे त्या काळच्या साक्षींत आढळते. तरीही शिपाई हटले नाहीत. त्या शिपायांत अयोध्या प्रांतातील ब्राह्मण व रजपूत पुष्कळ होते, हेही ध्यानात ठेवावे. केवळ धर्माच्या ओढीने ते मुसलमान बादशहाकडे गेले, असे म्हणता येत नाही.

मग कोणत्या ओढीने गेले? हे समजण्यासाठी आपल्याच गावातील एखादे मोठे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणा. घरातील आजोबा अंथरुणास खिळले आहेत. नांगर धरणे तर दूरच, ओसरीपर्यंत येणेही त्यांना होत नाही. परंतु जमिनीचा पट्टा त्यांच्या नावे आहे. उद्या एखादा सावकार बांध कोरून शेतात शिरला, तर चार भाऊ कचेरीत कोणाच्या नावाने अर्ज करतील? थोरल्याच्या नावाने केला, तर जमीन हाच गिळंकृत करील, असे धाकट्याला भय. धाकट्याच्या नावाने केला, तर थोरल्याचा मान जातो. आजोबांच्या नावाने अर्ज गेला, म्हणजे चौघांनाही सही करण्यास संकोच वाटत नाही. सावकारालाही 'तुम्ही कोण?' असे विचारता येत नाही. कारण त्याच्या वहीत खुद्द आजोबांचेच नाव लिहिलेले असते.

नामधारी राजाच्या बळाचे रहस्य या साध्या दृष्टांतात आहे. त्याचे तीन भाग करून पाहू.

पहिला भाग हक्काचा. मनगटातील बळ आणि गादीचा हक्क या दोन भिन्न वस्तू आहेत. बहादूरशहाचे बळ शून्य होते. पण त्याचा हक्क नाकारणे इंग्रजांनाही सोपे नव्हते. १७६५ मध्ये कंपनीने बंगालची दिवाणी घेतली, ती बादशहा शहाआलमकडून. म्हणजे कागदोपत्री कंपनी ही बादशहाची चाकर झाली. कंपनी आपल्या रुपयांवर १८३५ पर्यंत मोगल बादशहाचे नाव छापीत असे. आपल्या हैदराबादचा निजामही मुळात दिल्लीचा सुभेदार. त्याच्या टांकसाळीतून १८५७ पर्यंत बादशहाच्याच नावाची नाणी बाहेर पडत. तेव्हा शिपायांच्या बाजूने विचार केला, तर ते बंडखोर नव्हतेच. चाकराने धन्याचे घर बळकावले होते आणि ते धन्याला त्याचे घर परत देत होते. पुढे १८५८ च्या जानेवारीत बादशहावर खटला चालला, तेव्हा तो ब्रिटिश सरकारचा प्रजाजन असून त्याने राजद्रोह केला, असा आरोप ठेवण्यात आला. धनी कोण व प्रजा कोण, हाच वादाचा मुद्दा होता.

आम्हां मराठी माणसांना ही रीत अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले, त्यानंतर राज्याचा सारा कारभार पुण्यास आला. तरी प्रत्येक पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. १७८४ मध्ये महादजी शिंदे यांनी शहाआलम बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळविले, तेव्हा तो बादशहा महादजींच्याच छत्राखाली दिवस कंठीत होता. ज्याला आपणच सांभाळतो, त्याच्याकडूनच पद मागून घ्यावयाचे! वरवर पाहता हा विनोद वाटतो. परंतु तलवारीने मुलूख जिंकला, तरी 'हा मुलूख तुझा कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर तलवार देत नाही, हे ते लोक जाणून होते.

दुसरा भाग असा की, राजाचा दुबळेपणा हाच बंडाच्या वेळी त्याचा गुण ठरतो. बंडात नाना तऱ्हेचे लोक एकत्र येतात. प्रत्येकाची आशा निराळी व प्रत्येकाला शेजाऱ्याचा संशय. त्यांच्यांतील एखादा बलाढ्य सरदार पुढे झाला, तर इतरांच्या मनात प्रथम हाच विचार येतो की, इंग्रज गेल्यावर हा आमच्या मानेवर बसणार नाही कशावरून? दुबळ्या राजाचे भय कोणालाच नसते. अयोध्येत बेगम हजरत महल यांनी आपल्या कोवळ्या वयाच्या मुलास, बिर्जिस कद्र यास, १८५७ च्या जुलैत गादीवर बसविले, तेव्हा दिल्लीच्या बादशहाचे वरिष्ठत्व मान्य करूनच बसविले. बिठूरास नानासाहेब पेशवे यांनी आपली गादी जाहीर केली. त्यांनीही आरंभी दिल्लीशी विरोध धरला नाही. एकाच छत्राखाली इतक्या पगड्या व पागोटी मावली. कारण ते छत्र कोणाच्याच डोक्यावर आदळण्याइतके जड नव्हते.

तिसरा भाग व्यवहाराचा आहे, व तो बहुधा पाठ्यपुस्तकात येत नाही. बंड म्हणजे केवळ लढाई नव्हे. शिपायांना पगार द्यावयाचा, धान्य व दाणावैरण जमवावयाची, त्यासाठी रयतेकडून सारा घ्यावयाचा. तो कोणाच्या नावाने घ्यावा? नाव नसेल तर सारा घेणे ही लूट ठरते आणि घेणारा दरोडेखोर ठरतो. नाव असेल तर तीच क्रिया सरकारी वसुली होते व देणाऱ्यास पावती मिळते. आमची घरची भाषा कोकणी. त्यामुळे लहानपणापासून ऐकलेले तळकोकणातील एक उदाहरण येथे देतो. १८४४ मध्ये सावंतवाडी संस्थानात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. संस्थानचा राजा नावापुरता उरला होता व कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला होता. फोंड सावंत तांबुळकर हा त्या उठावाचा खरा कर्ता पुरुष. पण त्याने काय केले? राजाचा वारस अण्णासाहेब याला आपल्या बाजूस वळवून मनोहरगडावर नेले, आणि वसुली सुरू झाली ती त्या वारसाच्या नावाने. जनरल डेलामोट याने पुढच्या वर्षी मनोहरगड घेतला व बंडवाले गोव्याच्या हद्दीत पळाले. त्याच अण्णासाहेबास इंग्रजांनी पुढे क्षमा केली व १८६७ मध्ये तो गादीवर आला. लढणाऱ्यांचे संसार धुळीस मिळाले. नाव मात्र सुखरूप राहिले.

नावाची ही किंमत शत्रूलाही पुरेपूर ठाऊक असे. १८१७-१८ च्या युद्धात दुसऱ्या बाजीरावाने पळतापळतासुद्धा साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना आपल्याबरोबर फिरविले. तिकडे एल्फिन्स्टनने साताऱ्याचा किल्ला घेताच, १८१८ च्या फेब्रुवारीत, जाहीरनामा काढून छत्रपतींसाठी स्वतंत्र राज्य राखून ठेवण्याचे अभिवचन दिले. त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. एका नावासाठी दोन्ही पक्ष धावत होते. काम झाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केले आणि १८४८ मध्ये ते राज्य खालसाही करून टाकले.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानातच घडला असे नाही. १८८५ मध्ये व्हिएतनाममध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तेथील मंत्र्याने हाम न्घी नावाच्या पोरवयाच्या सम्राटाला राजधानीतून डोंगरात नेले व 'राजाच्या साह्यास धावा' अशी हाक त्याच्या नावाने देशभर फिरविली. फ्रेंचांनी काय करावे? त्यांनी त्याच्याच भावाला गादीवर बसवून दुसरा सम्राट उभा केला! तीन वर्षांनी हाम न्घी पकडला गेला व त्याला आफ्रिकेत अल्जीरियास धाडण्यात आले.

येथवर नामधारी राजाचे गुण गाइले. आता दोषही सांगितले पाहिजेत. जे नाव सर्वांना गोळा करते, ते संकटकाळी निर्णय देऊ शकत नाही. दिल्लीत जुलै महिन्यात बख्तखान हा कसलेला सेनानी येऊन पोहोचला; परंतु त्याचे व शहाजादा मिर्झा मुघल याचे पटले नाही, आणि तो बेबनाव मिटविण्याचे सामर्थ्य बादशहाजवळ नव्हते. सप्टेंबरात दिल्ली पडली. आपल्याबरोबर बाहेर पडून लढा चालू ठेवावा, अशी विनंती बख्तखानाने बादशहास केली. पण तो थकलेला वृद्ध हुमायूनच्या कबरीशी जाऊन थांबला व तेथेच शत्रूच्या स्वाधीन झाला. पुढे त्याला रंगूनला नेले व १८६२ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.

ग्वाल्हेरचा प्रसंगही असाच बोधप्रद आहे. १८५८ च्या जूनच्या आरंभी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब ग्वाल्हेरवर आले, तेव्हा जयाजीराव शिंदे यांचे सैन्य त्यांना येऊन मिळाले आणि जयाजीरावांना आग्र्यास पळावे लागले. शिंदे हे मूळचे पेशव्यांचे सरदार. त्या जुन्या नावाने पलटणीच्या पलटणी फिरल्या. नानासाहेब तेथे हजरही नव्हते, तरी दरबार भरवून त्यांची पेशवाई जाहीर झाली. परंतु ज्या दिवसांत मोर्चे बांधावयाचे, ते दिवस दरबारात व मानपानात गेले. तीन आठवड्यांच्या आत राणी रणांगणी पडल्या व ग्वाल्हेर हातचे गेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तात्या व रावसाहेब नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे वळले. पेशव्यांच्या नावाने महाराष्ट्र पेटेल, अशी त्यांना आशा व इंग्रजांना धास्ती होती. पण नागपूरची वाट अडलेली होती, भोसल्यांच्या वाड्यातील वृद्ध बांकाबाई यांनी इंग्रजांचीच बाजू धरली होती, आणि तात्यांना मागे फिरावे लागले. नाव ही मशाल खरी. पण तिला तेल व वात लागते. गावोगाव तयारी नसेल, तर नुसत्या नावाने उजेड पडत नाही.

आता आपल्या निर्मलकडे येऊ. येथील लोकांपुढे दिल्ली किंवा बिठूर येथील लोकांपेक्षा अवघड प्रश्न होता. येथे गादी होती, राजाही होता. पण तो इंग्रजांच्या पक्षाला होता. निजाम अफझलउद्दौला १८५७ च्या मे महिन्यातच गादीवर आला आणि दिवाण सालारजंग याच्या सल्ल्याने त्याने इंग्रजांना साह्य केले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो फसला. राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि नळदुर्ग, रायचूर दुआब व शोरापूर हे मुलूख त्याला मिळाले.

ज्याच्या घरचा राजाच शत्रूला मिळाला, त्याने काय करावे? काहींनी दूरचे नाव उसने घेतले. रंगराव नावाच्या एका पटवाऱ्याने उत्तरेत नानासाहेबांच्या गोटाशी संधान बांधले व तो दक्षिणेत माणसे जमवू लागला. गोदावरीच्या दक्षिणेकडील कौलासचा राजा दीपसिंग त्याच्या कटात होता. १८५९ मध्ये कट फुटला. रंगरावास काळ्या पाण्याची व दीपसिंगास कैदेची शिक्षा झाली. पुढे १८६७ मध्ये बीदरच्या बाजूस रामराव नावाच्या पुरुषाने आपण साताऱ्याच्या छत्रपतींचे पुतणे असल्याचे सांगून निशाण उभारले. सातारचे राज्य खालसा होऊन तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती! गादी मोडून गेल्यावरही तिच्या नावाचे मोल कसे शिल्लक राहते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

काहींना मात्र उसने नावही मिळाले नाही. गोंडांचे चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनीच बुडविले होते. तेव्हा मराठी गादीच्या नावाने गोंडांचे मन उचंबळावे, असे काही उरले नव्हते, हे आम्ही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. या निर्मलच्या रानात रामजी गोंड उभा राहिला, तो छत्र-चामरांवाचून. त्याच्याबरोबर गोंड होते, रोहिले होते. १८६० च्या सुमारास तो पकडला गेला. एका वडाच्या झाडाला त्याला व त्याच्या सोबत्यांना फाशी दिले, त्यांची संख्या हजार होती, असे लोकपरंपरा सांगते. म्हणूनच तेलुगू भाषेत त्या झाडाचे नाव 'वेय्यि उरुल मर्रि', म्हणजे हजार फासांचा वड, असे पडले. तो वड आज उभा नाही.

आता दिल्ली आणि निर्मल एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दिल्लीच्या बादशहावर खटला चालला, साक्षी झाल्या, कागद झाले. ते कागद आजही इतिहासकार वाचतात. निर्मलच्या माणसांना मात्र सरकारी दप्तरात 'लुटारू' व 'दंगेखोर' या शब्दांपलीकडे जागा मिळाली नाही. ते दिल्लीच्या शिपायांहून कमी शूर होते काय? मुळीच नाही. त्यांच्या डोक्यावर कोणाचे नाव नव्हते, एवढेच. बंडवाले दुबळ्या राजाच्या मागे का जात, याचे खरे उत्तर निर्मलच्याच मातीत आहे. ते एका म्हाताऱ्याच्या मागे जात नव्हते. आपण चोर-दरोडेखोर नसून न्यायासाठी लढणारी माणसे आहोत, ही साक्ष जगासमोर देऊ शकेल असे एक नाव ते शोधीत होते. त्या काळी अशी साक्ष देण्याचा अधिकार गादीलाच होता.

पुढे काळ बदलला. १९४० मध्ये, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या डोंगरात, जोडेघाट येथे, कोमरम भीम निजामाच्या सत्तेशी लढता लढता पडला. त्याने कोणत्याही राजाचे नाव घेतले नाही. पाणी, रान आणि जमीन यांवरील आपल्या माणसांचा हक्क हेच त्याचे निशाण होते. तोवर लोकांना उमगले होते की, हक्काचा पट्टा आजोबांच्या नावे असण्याची गरज नाही. तो सर्वांच्या नावे असू शकतो. १९५० मध्ये आपले संविधान अमलात आले, ते 'आम्ही भारताचे लोक' यांच्या नावाने.

तेव्हा मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्यास आमचे सांगणे इतकेच: बाळ, तुझा प्रश्न योग्य होता; चुकले ते आमचे उत्तर. ती माणसे भोळी नव्हती. त्यांनी हाताशी होते त्यांतील उत्तम साधन उचलले. ते साधन अपुरे पडले, हेही खरे. पण त्यांतील ज्यांना साक्ष देणारे कोणीच लाभले नाही, त्यांची साक्ष देण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. आपल्या आजी-आजोबांनी त्या वडाविषयी, रामजीविषयी, रानातील लढायांविषयी जे ऐकले असेल, ते या सुटीत विचारून वहीत उतरून घ्या. सांगणाऱ्याचे नाव व गाव लिहावयास विसरू नका.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मनगटातील बळ व गादीचा हक्क यांतील फरक लेखातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

२. सातारा (१८१८) व व्हिएतनाम (१८८५) येथे परकीय सत्तेने नामधारी राजाचा उपयोग कसा करून घेतला, ते सांगा.

३. "नाव नसेल तर सारा घेणे ही लूट ठरते." निर्मलच्या लढ्यास हे विधान कसे लागू पडते, यावर दहा ओळी लिहा.